मुन्शीची चाल आणि अम्मीचा उजेड

राहीलच्या घरी नवखा माणूस आला की आधी त्याच्या कानांची फजिती होते. चौलच्या मोहल्ल्यातलं ते अगदी शेवटचं घर. मागे सुपारीची वाडी आणि वाडीकडे उघडणाऱ्या खोलीत राहील लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसलेला. त्या लॅपटॉपातून कोणी तरी नाकात बोलणारा इसम असा भरधाव बडबडत असतो की आपल्याला त्यातलं ‘खिडकी’ आणि ‘बंद’ एवढंच कळावं. राहीलला मात्र सगळं कळतं. स्क्रीनवर जे काही उमटेल ते हा आवाज त्याला वाचून दाखवतो, कारण राहीलला दिसत नाही. या आवाजाला त्याने नाव दिलंय मुन्शी. “पगार घेत न्हाय, पण लाड फार पुरवायला लागतात त्याचे,” असं तो सांगतो.

पहिल्यापासून आंधळा नव्हता हो तो! शाळेत होता तेव्हा आधी रातांधळेपणा आला. संध्याकाळी मशिदीतून घरी येताना भिंतीला थडकायचा आणि पोरं खिदळायची. मग नजर कडेकडेने मिटत गेली आणि मिसरूड फुटेपर्यंत उरलासुरला उजेडही गेला. मुंबईच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. गावाने मग गावाचं काम केलं, म्हणजे कीव केली. ‘बिचारा’ हा शब्द त्या घरात इतक्या वेळा आला की त्याचंही नाव रेशनकार्डावर चढवायला हरकत नव्हती. येणारा प्रत्येक जण राहीलशी न बोलता त्याच्या आईला विचारायचा, “चहा घेतो का हा?” अरे, त्याचे डोळे गेलेत, जीभ जाग्यावर आहे ना, त्यालाच विचारा की! पण नाही.

राहील काही रडत बसला नाही. मुंबईला अंधांच्या वर्गात जाऊन कीबोर्ड शिकला. धाकटी बहीण आतिफा लग्न होऊन तळोज्याला गेली, तिच्या नवऱ्याने नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा याने जुना हक्काने मागून घेतला. त्यावर फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, मुन्शीला बसवलं आणि हुकूम टाइप करून यंत्राच्या पोटात काय चाललंय ते विचारायची विद्या एकट्याने आत्मसात केली. पंख्याच्या घरघरीवरून आणि कीबोर्डला लागणाऱ्या उबेवरून तो प्रोसेसर किती धावतोय ते सांगतो. यात जादू नाही. रोज बारा तास एकाच वस्तूवर हात ठेवून बसलात तर तुम्हालाही कळेल.

तर गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. पुण्याला एक संस्था आहे. नव्याने नजर गेलेल्या माणसांसाठी ती फोनवरून मदत देते. फोन बोलता कसा करायचा, पैशांची नोट हाताने कशी ओळखायची, गॅस कसा पेटवायचा, असं काय काय लोक विचारतात. तिथे घरी बसून काम करायला माणूस हवा होता. एका कानात फोनवरचा माणूस, दुसऱ्या कानात मुन्शी माहिती शोधून वाचणार आणि राहील ती सांगणार. त्याला वाटलं, हे काम जणू आपल्याचसाठी काढलंय. नाही मिळालं तर मुंब्र्याच्या मामूंचं दुकान ठरलेलंच होतं. तिथे करायचं काय, तर गल्ल्यापाशी खुर्चीत बसायचं. नुसतं बसायचं. “पोरगा चार माणसांत राहील,” असं मामू म्हणायचे. राहीलच्या अंगावर काटा यायचा.

संध्याकाळी सहा ते आठ अशी चाचणी ठरली. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. वादळात खाडीकडचे विजेचे खांब वाकले होते, ते बदलायचं काम चालू होतं, त्यामुळे रोज संध्याकाळी लाइट जायची ती रात्री साडेआठच्या इशाच्या नमाजेपर्यंत. घरचा इन्व्हर्टर त्याच वादळात पाण्यात भिजून बंद पडलेला. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, आणि तसल्या जुन्या मॉडेलची नवी अलिबागेत कोणाकडे मिळेना. दुसऱ्याच्या घरी जाऊन बसावं तर एक दिवस जाशील, कामच मिळालं तर रोज कुठे जाशील? म्हणजे आहे त्या बॅटरीवर दोन तास काढायचे. दुसरी वाट नव्हती.

राहीलचे अब्बा, हमदुल्ला, रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर जन्मभर इंजिन ड्रायव्हर. आता घरी असतात, पण कान अजून इंजिनाचेच. राहीलने त्यांना समजावलं, “अब्बा, लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो किती वेगाने पळवायचा ते ठरवणारा एक प्रोग्राम आत असतो. त्याला गव्हर्नर म्हणतात.”

म्हातारा ताडकन उठून बसला. “गव्हर्नर? आमच्या इंजिनावरपण गव्हर्नर हाय की! मग मला विचार ना. दामटवलंस का डिझेल ढोसतंय ते. हळू चालव, लांब जा. मी पस्तीस वर्षं हेच केलं, कधी भर पाण्यात डिझेल संपलं न्हाय.”

बापाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा लॅपटॉपमध्ये रस घेतला होता. राहीलला बरं वाटलं, आणि मनातून पटलंही. त्याने गव्हर्नरला ताकीद दिली की कायम सगळ्यात खालच्या वेगावर राहायचं, वर चढायचंच नाही. पंखा गप्प झाला. बाप खूश, लेक खूश.

चाचणी सुरू झाली आणि मुन्शीने मान टाकली. कळ दाबली की हा आधी श्वास घेणार, मग खाकरणार, मग एक शब्द बोलणार आणि पुढच्या शब्दाला पुन्हा थबकणार. फोनवरची बाई विचारत होती, “हॅलो? आहात ना?” राहील म्हणाला, “आहे, आहे, एक मिनिट.” त्या संध्याकाळी त्याने ‘एक मिनिट’ इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्याची त्यालाच लाज वाटायला लागली. संस्थेच्या प्राप्ती मॅडम मध्येच लाइनवर ऐकत होत्या. चाचणी संपल्यावर त्या म्हणाल्या, “राहील, तुम्ही बोलता छान, माहिती आहे तुम्हाला. पण फोन करणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याला ताटकळत ठेवून नाही चालत. पुढच्या गुरुवारी आणखी एकदा बघू. मात्र तेव्हाही असंच झालं तर मला दुसरं कोणी घ्यावं लागेल.”

त्या दिवशी तो जेवला नाही. अब्बा ओटीवर येरझारा घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने रागाच्या भरात उलटं टोक गाठलं. गव्हर्नरला सांगितलं, सतत सगळ्यात वरच्या वेगावर राहा. मुन्शी असा सुटला की विचारू नका! कळ दाबायच्या आधीच बोलतोय की काय असं वाटावं. पंखा गिरणीसारखा गरजायला लागला, हाताला चटका बसेल इतका कीबोर्ड तापला आणि दोन तासांचं राहू द्या, तासाभरात लॅपटॉपने प्राण सोडला. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

त्याची अम्मी, बिल्किस, तेव्हा चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाप-लेकाचं बोलणं तिच्या कानावर होतंच. ती तिथूनच म्हणाली, “मंद आचेवर भाकरी ठेवलीस तर ती कडक होते, आणि लाकडं तेवढीच जळतात. आच मोठी कर, भाकरी भाज, उतरव, आच मागे ओढ. यात एवढं डोकं कसलं खाजवता?”

अब्बा म्हणाले, “भाकरी येगळी, इंजिन येगळं.” पण राहील विचारात पडला. लाँचला भर समुद्रात थांबता येत नाही, इंजिन चालूच ठेवावं लागतं. प्रोसेसरचं तसं नाही. तो दोन कळांच्या मधल्या एवढ्याशा वेळातही डुलकी काढू शकतो. मग त्याला रांगायला कशाला लावायचं? काम आलं की झटक्यात उरकावं आणि आडवं व्हावं. सिस्टीममध्ये तसा तिसरा गव्हर्नर होताच. कामाचा भार पाहून वेग चढवायचा, भार उतरला की लगेच खाली. अब्बांच्या नादाने आपण त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. राहीलने तो लावला. शिवाय प्रोसेसर अधूनमधून वेगाची जी शेवटची मोठी उडी मारतो, जिच्यात मिळतं थोडं आणि जळतं फार, ती उडी तेवढी बंद केली. मुन्शीला परत जीव आला. चुणचुणीत बोलायला लागला आणि पंखाही उगाच ओरडेना. राहीलने अम्मीला आत जाऊन सांगितलं, “तुझी भाकरी जिंकली.” अब्बांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. रोज लाइट गेली की तो रंगीत तालीम करायचा. तळोज्याहून आतिफा फोन लावायची आणि आवाज बदलून काहीबाही विचारायची, “अहो, माझ्या नवऱ्याला दिसतं, तरी फ्रिजमधलं लोणी सापडत न्हाय, काय करू?” मुन्शी फटाफट उत्तरं शोधायचा. पण आठ वाजायच्या बऱ्याच आधी तो भसाड्या आवाजात सांगायचा, “बॅटरी संपत आली आहे.” आणि बंद. राहीलने ब्लूटूथ बंद केलं, कॅमेरा बंद केला, जे जे बंद करता येईल ते केलं. दहा मिनिटं वाढली, पण तेवढ्याने भागेना. कुठे जातेय वीज? कोण खातंय? तो रात्रंदिवस तोच विचार करायचा. मामूंचा फोन येऊन गेला होता, “खुर्ची घेतली हां तुझ्यासाठी, गादीची.” त्या गादीच्या खुर्चीचं त्याने भयंकर मनाला लावून घेतलं होतं.

बुधवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी चाचणी. भातकापणीचे दिवस, लाइट गेलेली, सूर्य मावळून मगरीबची अजान होऊन गेलेली. राहील तालमीला बसला आणि पाखरं त्रास द्यायला लागली. पाखरं म्हणजे ते बारके उडते किडे, भातावरचे. कपाळावर, गालांवर, बोटांवर. एक तर नाकात गेलं. हा हाताने हाकलतोय, मुन्शी बोलतोय, आतिफा फोनवर विचारतेय, “भाय, शिंकतोयस कशाला?”

“पाखरं गं! जीव नकोसा केलाय.” एवढं बोलला आणि त्याचा हात हवेतच थांबला.

“अब्बा!” त्याने हाक मारली. “तुमच्याकडे पाखरं हायत?”

“न्हाय,” ओटीवरून अब्बा म्हणाले. “एक न्हाय.”

“तिथे दिवा हाय?”

“दिवा कुठचा? लाइट गेलीय ना.”

पाखरं उजेडावर येतात. ओटीवर अंधार, तिथे पाखरू नाही. मग इथे, याच्याच तोंडावर कशी? याने स्क्रीन तर पहिल्या दिवशीच काळी करवून घेतली होती. लॅपटॉप आणला तेव्हा आतिफाला सांगितलं होतं, “बंद करून टाक ती, मला काय करायचीय?” ती “हो” म्हणाली होती. तेव्हापासून स्क्रीन त्याच्या हिशेबातच नव्हती.

“आतिफा,” तो फोनवर म्हणाला, “स्क्रीन बंद केली होतीस ना?”

तिकडून आतिफाचं नुसतंच “भाय, ते...” आलं. आणि इकडे दारात बांगड्या वाजल्या. दारात अम्मी उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

“तिला ओरडू नको,” बिल्किस म्हणाली. “मी सांगितलं तिला. तिने तुझ्यासमोर बंद केली, मी मागून परत लावायला लावली. म्हटलं पूर्ण उजेड ठेव, कधी विझायला नको.”

तुम्हाला या बाईची एक सवय सांगायला हवी. ओटीचं सोडा, पण मगरीब झाली की घरात माणूस बसलेल्या कुठल्याही खोलीत अंधार ठेवायचा नाही. तिच्या आईने तिला शिकवलं, तिच्या सासूने बजावलं. राहीलची नजर गेल्यावर सगळ्यांनी सांगून पाहिलं, की बाई, त्याच्या खोलीत दिवा लावून काय उपयोग? ती लावायचीच. लाइट असेल तर लाइट, नसेल तर कंदील. आणि लॅपटॉप आल्यापासून कंदिलाचीही गरज उरली नव्हती.

राहील भडकला. भडकणारच! “अम्मी, मी इथे थेंब थेंब वाचवतोय! प्रोसेसरचा गळा आवळला, पहिली चाचणी त्यापायी घालवली, आणि ही स्क्रीन सगळ्यांच्या वर बसून बॅटरी गिळतेय. कोणासाठी? कोण बघतंय तिच्याकडे?”

“मी,” बिल्किस म्हणाली.

राहीलने तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“लाइट गेली की या खोलीत तेवढाच उजेड असतो. तो तुझ्या तोंडावर पडतो. मी इथे उभी राहून बघते. तू काम करताना हसतोस, बाळा. तो मुन्शी काय तरी चुकीचं वाचतो नि तू गालात हसतोस. एरवी तू हसत न्हाईस. तुला अंधारात कशी बसवू मी? आणि मला तू दिसायला नको? तुझं काम जातंय त्याने, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, उजेडाने कोणाचं काय वाकडं होतंय.”

ओटीवरून अब्बा पुटपुटले, “घ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

राहील उठला, चाचपडत दारापर्यंत आला आणि अम्मीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. राग कुठे गेला त्याचं त्यालाच कळलं नाही. आपण आपल्या अंधाराला सरावलो, पण दारात उभं राहून कोणी तरी रोज आपल्याला बघत होतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. मग तो एवढंच म्हणाला, “उद्याच्या दिवस बंद ठेवू?”

“ठेव,” ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी लाइट वेळेवर गेली. असल्या बाबतीत ती कधी चुकत नाही. राहीलने हुकूम टाइप केला, स्क्रीन काळीठिक्कर केली आणि या खेपेला अब्बांना डोळ्यांनी बघून खात्री करायला लावली. “एकदम अमावास्या,” अब्बांनी ग्वाही दिली. सहाला पहिला फोन आला. मग दुसरा. मुन्शी शब्दाला शब्द देत होता, पंखा मधूनच जागा होऊन परत निजत होता. गालांवर एकही पाखरू नव्हतं.

साताऱ्याकडच्या विठोबा नावाच्या एका माणसाचा फोन आला. जन्मभर एसटी चालवली, काचबिंदूने नजर गेली. तो म्हणाला, “मला काही विचारायचं नाही. फक्त किती वाजले ते कळत नाही हो. रात्र का दिवस, तेच कळत नाही. सारखं सारखं सुनेला कसं विचारू?”

राहीलने त्याच्या फोनचं मॉडेल विचारलं. मुन्शीने डोळ्याचं पातं लवायच्या आत पान काढून वाचलं आणि राहीलने त्या माणसाला बोट कुठे ठेवायचं, कितीदा दाबायचं ते हळूहळू सांगितलं. पलीकडून फोनचा आवाज ऐकू आला, “सात वाजून दहा मिनिटे.” विठोबा लहान पोरासारखा ओरडला, “बोलला! अहो, बोलला!” पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा बोलला. राहील हसला.

आठ वाजले. मुन्शी बंद पडला नाही. प्राप्ती मॅडम लाइनवर आल्या. “कोणीही ताटकळलं नाही आज. आणि त्या विठोबाकाकांशी तुम्ही ज्या पद्धतीने बोललात ना, ते मला कोणाला शिकवता आलं नसतं. एक तारखेपासून या कामावर. म्हणजे येऊ नका, घरीच बसा,” असं म्हणून त्या हसल्या.

फोन ठेवल्यावर राहील खुर्चीत मागे रेलला आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून त्याने असा मोठा श्वास सोडला की ओटीवरच्या अब्बांचाही जीव भांड्यात पडला. “गादीच्या खुर्चीवर आता मामूंनाच बसव,” ते तिथूनच ओरडले. मग खास आवाज चढवून म्हणाले, “गव्हर्नर बरोबर लावला होता हां आपण!” आपण! पण त्या संध्याकाळी त्यांना कोणी काही बोललं नाही.

“अम्मी कुठे हाय?” राहीलने विचारलं.

“इथे,” अगदी त्याच्या शेजारून आवाज आला. ती जमिनीवर, त्याच्या खुर्चीला टेकून बसली होती. मगरीबपासून. कंदील लावला असता तर पाखरं आली असती, त्याला त्रास झाला असता, म्हणून तिने घरभर कुठेच दिवा लावला नव्हता. ज्या बाईने उभ्या आयुष्यात मगरीबचा दिवा चुकवला नाही, ती दोन तास त्याच्याबरोबर अंधारात बसून होती.

राहीलने मुन्शीला बॅटरी विचारली. बरीच उरली होती. लाइट यायला अजून वेळ होता. त्याने हुकूम टाइप केला, स्क्रीन पूर्ण उजेडावर नेली आणि लॅपटॉपकडे तोंड करून सरळ बसला.

“उरलेली बॅटरी तुझी,” तो म्हणाला. “बघ.”

बिल्किस उठली आणि दारात, तिच्या रोजच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

“काय दिसतं?” त्याने विचारलं.

“हसतोयस,” ती म्हणाली.

हळूहळू पाखरं आली. कोणी हाकलली नाहीत.